दानाचं खातं, धंद्याचं खातं

२०१५च्या सप्टेंबरमध्ये जेमतेम आठवड्याच्या अंतरानं दोन बातम्या आल्या. डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकानं जगातल्या वाहन कंपन्यांमध्ये फोक्सवॅगनला पहिला क्रमांक दिला, ही पहिली. दुसरी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडून आली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर सापडलं होतं की आपली तपासणी चालू आहे हे गाडीला ओळखता यायचं. तेवढ्यापुरता धूर नियमात बसायचा. रस्त्यावर उतरल्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्याचं नंतर उघड झालं. ऑक्टोबरमध्ये निर्देशांकानं कंपनीला यादीतून वगळलं.

लबाडी उघडच आहे, तिच्यावर भरपूर लिहून झालंय. मला त्या पहिल्या बातमीत जास्त रस आहे. असे निर्देशांक ठरवणारे पाहतात काय? पर्यावरण धोरण आहे का, उद्दिष्टं ठरलीत का, समिती आहे का, अहवाल वेळेवर निघतो का. फोक्सवॅगनकडे हे सगळं असणारच. आणि ते सॉफ्टवेअर लिहिणारेही काही सामान्य बुद्धीचे नव्हते. स्टिअरिंग किती फिरतंय, वेग कसा बदलतोय यावरून तपासणी ओळखायची आणि त्यानुसार इंजिनाचं वागणं बदलायचं, हे डोकेबाज काम आहे. म्हणजे एकाच कंपनीत जबाबदारीची यंत्रणाही होती आणि कल्पकताही. दोघींची कधी गाठ पडत नव्हती इतकंच.

ती पडू नये अशीच बहुतेक कंपन्यांची मांडणी असते, असं माझं म्हणणं आहे. सामाजिक जबाबदारीला स्वतःचा विभाग, स्वतःचा निधी आणि गुळगुळीत कागदावर छापलेला स्वतःचा अहवाल मिळाला की उरलेल्या कंपनीला त्या विषयाकडे बघायचं कारण उरत नाही. कारखान्यात काय बनतं, कशापासून बनतं, वापरून झाल्यावर त्याचं काय होतं, हे प्रश्न धंद्याच्या खात्यात. शाळांना संगणक, झाडं लावणं, आरोग्य शिबिरं, हे दानाच्या खात्यात. नवं शोधण्याची सगळी ताकद पहिल्या खात्यात असते आणि जबाबदारीची सगळी भाषा दुसऱ्या.

ही वाटणी सर्वांत स्वच्छ शब्दांत भारताच्या कायद्यात सापडते. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ असं सांगतं की ५०० कोटी रुपयांचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. असा खर्च कायद्यानं बंधनकारक करणाऱ्या पहिल्या काही देशांपैकी भारत एक. मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणून धरता येत नाही. आयकरातही हा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत नाही. दोन खात्यांमध्ये सरकारनंच भिंत बांधून दिली.

ही भिंत मूर्खपणाची नाही. ती नसती तर औषध कंपनीनं आपल्याच गोळ्यांची जाहिरात आरोग्यजागृती म्हणून दाखवली असती, बँकेनं खाती उघडण्याच्या मोहिमेचा खर्च इथेच टाकला असता. पण तिची किंमतही आहे. ज्या विषयात कंपनीला खरोखर काही कळतं, नेमका तोच विषय वगळून बाकी जगाचं भलं करा, असं आपण तिला सांगतो. मग सिमेंटची कंपनी शिवणकामाचे वर्ग चालवते. वर्ग वाईट नसतात. पण सिमेंट उद्योग जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सात-आठ टक्के वाटा उचलतो, आणि त्यातला मोठा भाग कोळशामुळे नव्हे तर चुनखडी भाजताना होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळेच निघतो. तो कमी कसा करायचा यावर डोकं चालवू शकणारी माणसं त्याच कंपनीत पगारावर असतात, आणि सीएसआरच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही.

करोनाच्या काळात या भिंतीला एक दार पाडलं गेलं. लस, औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांवर काम करणाऱ्या कंपन्यांना २०२०-२१ पासून तीन आर्थिक वर्षं करोनाविषयक संशोधनाचा आपल्याच व्यवसायातला खर्च सीएसआरमध्ये धरायची मुभा मिळाली. अट अशी की ते काम कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेल्या सार्वजनिक संशोधन संस्थांच्या सहकार्यानं व्हावं आणि त्याची माहिती वेगळी जाहीर करावी. तीन वर्षांनी दार बंद झालं. संकट आलं तेव्हा सरकारलाही कळलं की कंपनीचं खरं सामाजिक भांडवल तिच्या प्रयोगशाळेत असतं. संकट ओसरल्यावर ही समज कुठे गेली, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

दानाच्या खात्यातून नवं काही निघतच नाही असं नाही. निघतं, पण ते कुणासाठी निघतं ते पाहावं लागतं. प्लेपंप नावाचं यंत्र आठवा. मुलांचं गोल फिरणारं चक्र. ती खेळली की जमिनीतलं पाणी उंचावरच्या टाकीत चढतं, आणि टाकीच्या चारही बाजूंना जाहिराती. २००६ मध्ये अमेरिकेत या कल्पनेचा मोठा गाजावाजा झाला, आफ्रिकेत ४००० पंप बसवण्यासाठी ६ कोटी डॉलरची मोहीम जाहीर झाली. प्रत्यक्षात मुलं खेळून दमली की बायांना ते जड चक्र हातानं फिरवत बसावं लागे. साधा हातपंप त्यापेक्षा स्वस्त आणि सोयीचा होता. अपेक्षित तेवढ्या लोकांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब एका ब्रिटिश वृत्तपत्रानं मांडला होता. चारेक वर्षांत मोहीम गुंडाळली गेली. यंत्रात दोष होते, पण मूळ गोंधळ गिऱ्हाईक ओळखण्यात होता. पंप वापरणार होती गावातली बाई, आणि तो आवडायला हवा होता देणगीदाराला. छायाचित्रात हसणारी मुलं आली की देणगीदाराचं काम झालं.

याच्या शेजारी इंडिया मार्क-२ हा हातपंप ठेवून पाहावा. मराठवाड्यातल्या जालन्यात दुरुस्तीच्या गरजेतून एक मजबूत पंप तयार झाला, सोलापुरात त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि तिच्यावरून १९७०च्या दशकात युनिसेफ, सरकारी संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी यांनी मिळून मार्क-२चा आराखडा पक्का केला. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराच्या बेतानं बनवलेले असत. गावाच्या सगळ्या कळश्यांचा भार त्यांना झेपत नसे, ते सतत मोडत. म्हणून दिवसभर चालणारा, कुठल्याही साध्या कारखान्यात बनवता येईल असा पंप हवा होता. आराखड्यावर कुणाची मालकी ठेवली नाही. पुढे आशिया आणि आफ्रिकेत मिळून असे लाखो पंप बसले. त्याची छायाचित्रं काही खास नसतात.

आता धंद्याच्या खात्याकडे वळू, कारण खरी करामत तिथे होते. १९७०च्या शेवटी अमेरिकेनं स्वच्छ हवेचा कायदा केला. त्यात मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड १९७५पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा अशी अट होती. हे करण्याचं तंत्र तेव्हा बाजारात नव्हतं, आणि कायदा करणाऱ्यांना ते माहीत होतं. डेट्रॉइटच्या बड्या मोटार कंपन्यांनी हे अशक्य आहे म्हणून मुदत मागितली. १९७३ मध्ये वर्षभराची मिळालीही. त्याच सुमारास जपानची होंडा, जी तोवर मुख्यतः मोटारसायकलींसाठी ओळखली जायची, सीव्हीसीसी नावाचं इंजिन घेऊन आली. मुख्य कक्षाला जोडलेला एक छोटा कक्ष. त्यात इंधन भरपूर असलेलं मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्योतीनं मुख्य कक्षातलं कमी इंधनाचं मिश्रण सावकाश, पुरतं जाळायचं. धुरामागे वेगळं शुद्धीकरण यंत्र न लावता हे इंजिन १९७५च्या मर्यादेत बसलं. छोट्या गाडीत ठीक आहे, मोठ्या गाडीत जमणार नाही, असं म्हटलं गेलं तेव्हा होंडानं जनरल मोटर्सचीच भली मोठी शेव्हरोले इम्पाला घेऊन तिच्यात हे तंत्र बसवून दाखवलं.

या इंजिनाबद्दल होंडा कंपनी स्वतःच्या इतिहासात एक प्रसंग सांगते. बड्या अमेरिकी कंपन्यांच्या बरोबरीला जायची ही संधी आहे, असं संस्थापक सोइचिरो होंडा म्हणाले. त्यावर तरुण अभियंते म्हणाले की आम्ही हे कंपनीसाठी करत नाही, समाजासाठी करतो आहोत. म्हाताऱ्याला ते लागलं. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले त्यामागे हाही विचार होता म्हणतात. हा किस्सा सीएसआरच्या व्याख्यानांत अभियंत्यांची बाजू घेऊन सांगायला सोपा आहे. पण मला त्यात सोइचिरोही चुकलेले दिसत नाहीत. स्पर्धेत पुढे जायची भूक नसती तर एवढा पैसा त्या कामावर लागला नसता, आणि अभियंत्यांची कळकळ नसती तर कदाचित मुदतवाढ मागण्यावर भागलं असतं. दोघांना एका कामावर आणलं ते तारीख आणि आकडा लिहिलेल्या कायद्यानं. पैसे देऊन त्याच्यातून सुटता येत नव्हतं, हे त्याचं वैशिष्ट्य.

आणि मग डेट्रॉइटलाही जमलं. १९७५ पासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्यातल्या प्लॅटिनमला शिसं चालत नाही, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल पंपांवर आलं. हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याची युक्ती १९२०च्या दशकातली. १९२४ मध्येच न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात या संयुगावर काम करणारे पाच जण मेले होते, आणखी कित्येक भ्रमिष्ट झाले होते. तरी उद्योगाच्याच पैशानं चालणाऱ्या संशोधनाच्या आधारावर ते पुढची चाळीसेक वर्षं निर्धोक मानलं गेलं. माणसांच्या रक्तातलं शिसं जे करू शकलं नाही त्याची सुरुवात यंत्राच्या गरजेनं झाली. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणं २०२१ मध्ये थांबलं. शिशाची युक्ती शोधणारे टॉमस मिजली यांनीच पुढे शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू पुढे आणले. इनोव्हेशन म्हणजे आपोआप चांगलं, असं समजणाऱ्यांनी या एका माणसाची कारकीर्द जरूर वाचावी.

त्या वायूंची गोष्टही माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. हे वायू ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. सर्वांत मोठा उत्पादक ड्यूपाँ ही अमेरिकी कंपनी. विश्वासार्ह पुरावा मिळाला तर उत्पादन थांबवू, असं कंपनीनं जाहीर केलं आणि पर्यायी वायूंवर संशोधन सुरू केलं. १९८०च्या सुमारास अमेरिकेत सरकार बदललं, कडक नियमांची भीती ओसरली, आणि संशोधनही थंडावलं. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराची चिन्हं दिसू लागल्यावर ते पुन्हा सुरू झालं. १९८७ मध्ये या वायूंचा वापर कमी करण्याचा माँट्रियल करार झाला, १९८८ मध्ये कंपनीनं हे वायू बंद करण्याची घोषणा केली. मधल्या काळात विज्ञान मागे गेलं नव्हतं. नियमांचा धाक तेवढा कमी-जास्त झाला होता. जाता जाता सांगायचं तर, या वायूंवरच्या नियमांना विरोध करणाऱ्या उद्योगसंघटनेच्या नावातच ‘रिस्पॉन्सिबल’ असा शब्द होता.

इथे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची आठवण निघणारच. १९७० मध्ये त्यांनी लिहिलं की खेळाचे नियम पाळून नफा वाढवणं एवढीच धंद्याची सामाजिक जबाबदारी आहे. या वाक्याला जितक्या शिव्या पडतात तितकं ते वाईट नाही. दुसऱ्याच्या पैशानं परोपकार करणाऱ्या व्यवस्थापकाबद्दलची त्यांची शंका रास्त होती. अडचण ‘खेळाचे नियम’ या शब्दांत आहे. खेळाडूच पंचांच्या खोलीत बसून नियम लिहीत असतील तर नियम पाळणं ही काही मोठी मर्यादा नव्हे. म्हणून कंपनीची जबाबदारी मोजायची असेल तर मी तिचा सीएसआर अहवाल बाजूला ठेवून एकच गोष्ट आधी पाहीन: नवा नियम येऊ घातला तेव्हा ती कुणाच्या दारात कशासाठी उभी होती. या खटपटीचा खर्च त्याच अहवालात छापायला लावला तर बरेच अहवाल वाचनीय होतील.

‘नियमांमुळे कल्पकता मरते’ हा युक्तिवाद तर अजूनही ताजा आहे. युरोपीय संघानं सगळ्या फोनना एकच यूएसबी-सी चार्जर सक्तीचा करायचं ठरवलं तेव्हा ॲपलचं हेच म्हणणं होतं. सक्ती लागू झाली २०२४च्या डिसेंबरमध्ये. ॲपलनं त्याआधीच, २०२३च्या सप्टेंबरमध्ये, यूएसबी-सीचा आयफोन काढला. कल्पकता शाबूत राहिलेली दिसते.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन ‘भलं करा, नफा आपोआप येईल’ असं सांगणाऱ्यांचाही मला कंटाळा आहे. कधी कधी तसं होतं. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा व्होडाफोनच्या सामाजिक उपक्रमांतून, ब्रिटिश सरकारच्या अनुदानाला आपली भर घालून सुरू झाली. मूळ हेतू सूक्ष्मकर्जांचे हप्ते भरणं सोपं करण्याचा होता. २००५च्या चाचणीत लोक ती भलत्याच कामांसाठी, एकमेकांना पैसे पाठवायला, वापरताना दिसले. कंपनीनं आपला आराखडा लोकांवर लादला नाही, लोकांचा उचलला, आणि २००७ मध्ये सेवा बाजारात आणली. ती प्रचंड चालली. पुढे त्याच वाटेनं मोबाइलवरची झटपट कर्जं आणि सट्टाही घरोघर पोहोचला, हे मात्र यशाच्या कहाणीत सहसा सांगत नाहीत.

आणि कधी कधी नफा येतच नाही. मर्क कंपनीकडे आयव्हरमेक्टिन हे औषध होतं, मुळात जनावरांसाठी विकलं जाणारं. नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या आणि माणसाला आंधळं करणाऱ्या रोगावर ते चालतं हे कळलं. रुग्ण होते लाखो, पण विकत घेण्याची ऐपत ना त्यांची ना त्यांच्या सरकारांची, आणि पैसे द्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. १९८७ मध्ये मर्कनं लागेल तितकं, लागेल तितकी वर्षं फुकट द्यायचं जाहीर केलं, आणि तो शब्द आजवर पाळला. हे दान आहे, पण धंद्याच्या पोटातून निघालेलं: स्वतःचा रेणू, स्वतःचा कारखाना, स्वतःचे शास्त्रज्ञ. तरी यावर जगाचं औषधधोरण उभं करता येणार नाही. गाईगुरांचा बाजार मोठा होता म्हणून ते औषध जन्मलं. ज्या गरिबांच्या रोगाला असा श्रीमंत शेजारी नाही, त्याच्यासाठी कंपनीच्या मोठ्या मनाची वाट पाहणं व्यर्थ आहे. तिथे सार्वजनिक पैसाच लागतो.

मग करायचं काय? भारतापुरतं बोलायचं तर करोनाच्या वेळी उघडलेलं ते दार पुन्हा उघडावं, आणि औषधांपुरतं ठेवू नये. २ टक्क्यांतला ठरावीक हिस्सा कंपनीनं स्वतःच्या धंद्यामुळे होणाऱ्या नुकसानीवरच्या संशोधनाला वापरला तर तो ग्राह्य धरावा: रंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी, सिमेंटच्या भट्टीतला वायू, पुन्हा वापरता न येणारी वेष्टनं. चालू प्रकल्पाला आज सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षं मिळतात. संशोधनाला ती अपुरी आहेत, ती वाढवावीत, आणि प्रयोग फसला तर तो फसला असं लिहायची सोय ठेवावी. मार्चअखेर फीत कापता येईल अशाच कामांना पैसा मिळत राहिला तर संगणक आणि बाकडी यांपलीकडे काही जाणार नाही.

यात चोरी होईल, हा आक्षेप खरा आहे. त्यावर करोनाच्या वेळची सार्वजनिक संस्थेच्या सहकार्याची अट आहेच, तिच्या जोडीला आणखी एक घालावी. १९५९ मध्ये व्होल्व्होच्या नील्स बोहलिन यांनी तयार केलेल्या तीन टोकांच्या सीटबेल्टचं पेटंट कंपनीनं इतर सगळ्या उत्पादकांना खुलं केलं. मार्क-२ पंपाचा आराखडाही कुणाच्या मालकीचा नव्हता. सीएसआरच्या पैशातून जे सापडेल ते असंच खुलं राहील, प्रतिस्पर्ध्यालाही फुकट वापरता येईल, असं नियमात लिहावं. आपल्या नेहमीच्या संशोधनाचा खर्च दानाच्या खात्यात खपवू पाहणाऱ्या बहुतेक कंपन्या मग अर्जच करणार नाहीत.